चटई म्हणजे माणूस नव्हे

सोमवार, २९ जुलै

आज आमच्या साहेबाने, उएलेने, नवं लचांड गळ्यात मारलं. म्हणे अलार्म कमी कर. आपिया शहराच्या आसपासच्या दोनशे घरांवर आणि दुकानांवर आमच्या कंपनीचे कॅमेरे आहेत आणि ते सगळे मिळून दिवसाला तीन हजार वेळा चोर आला म्हणून बोंबलतात. खरा चोर महिन्यातून एखादा. बाकी डुकरं, कुत्री, वटवाघळं, नीरफणसाची पानं आणि दोरीवर वाळत घातलेले लावालावा, कमरेला गुंडाळायची ती कापडं. सप्टेंबरअखेर हा आकडा उतरला नाही तर कॅमेरे बघायचं काम ऑकलंडला जाईल आणि आमच्या खोलीतल्या आम्ही सहा जणी आपापल्या घरी.

"प्रयोग आधी स्वतःच्या घरी कर," उएले म्हणाला. "सगळ्यात वाईट आकडा तुझाच आहे. काल एकशे अठरा."

शेजारच्या टेबलावरची पेता खुसखुसली. "मोएताई, चोरण्यासारखं आहे तरी काय तुमच्या घरात? सासूबाई?"

मी हसले, पण दमून. कॅमेरे आणि सात फुटी भिंत मी माझा नवरा सेतेफानो गेल्यावर घातली. नऊ महिने झाले. रस्त्याच्या कडेने चालत घरी येत होता, मागून पिकअपने उडवलं. गाडी चालवणारा फालानिको, बावीस वर्षांचा, डोंगरापलीकडच्या गावचा. पोरगा स्वतः पोलिसांत गेला, तुरुंगात राहून आला. त्यांच्या घरातलं एकही माणूस मात्र आमच्या दारात आलेलं नाही. उलट त्यांच्या म्हाताऱ्या मताईने, घरच्या प्रमुखाने, चार लोकांत सांगितलं की मेलेला माणूस प्यायलेला होता. सेतेफानो आयुष्यात चहापलीकडे काही प्यायला नाही. हे मी शंभर वेळा बोलले असेन, आता बोलायचाही कंटाळा येतो.

उएलेला द्यायचे आकडे कंपनीच्या वहीत जातील. हे इथे.

बुधवार, ३१ जुलै

कोळ्यांनी उच्छाद मांडलाय. कॅमेऱ्याच्या दिव्याची ऊब लागते म्हणून बरोबर काचेसमोर जाळं विणतात आणि वाऱ्याने एक धागा हलला की माझा फोन किंचाळतो. शिडी लावून चारही कॅमेरे पुसले, भोवती रॉकेलचा बोळा फिरवला. आकडा ९२.

संध्याकाळी सासूबाईंना भरवताना त्यांनी रोजचा प्रश्न विचारला. "पोरी, आज कोणी आलं?"

"नाही, आई."

"येतील."

"नऊ महिन्यांत आले नाहीत ते आता काय येणार?"

"अगं, माझ्या लहानपणी खून केलेले लोक आले होते आमच्या दारात. पहाटे. अंगावर बारीक विणीच्या चटया घेऊन, तोंडं झाकून. बसून राहिले. एक शब्द नाही. सूर्य वर आला तेव्हा माझे आजोबा बाहेर गेले आणि त्यांनी चटई उचलली. मग सगळे रडले, मग सगळे जेवले."

मला माहीत आहे, आई. इफोंगा काय असतो ते इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अपराध करणाऱ्याने येऊन बसायचं, घरच्यांनी चटई उचलली तर माफी. घरातून कोणी बाहेरच आलं नाही तर नकार. मीही त्याचीच वाट बघते आहे, हे मी त्यांना सांगत नाही. दोघींनी एकाच आशेवर जगायचं म्हटलं तर घर चालवणार कोण?

शनिवार, ३ ऑगस्ट

समोरच्या आकेनेसेच्या मुलाचं लग्न आहे. तिने आणि तिच्या बहिणींनी केवड्याची पानं आणि विणलेल्या चटया आमच्या भिंतीलगत उन्हात पसरायला सुरुवात केली आहे. वारा आला की चटई उडते, चटई उडाली की अलार्म. सकाळपासून चौसष्ट नुसत्या चटया.

बाहेर जाऊन म्हटलं, "आकेनेसे, जरा पलीकडे पसर ना."

"का गं? आता माझ्या चटयांनाही पासपोर्ट लागणार?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आम्ही बिनभिंतींच्या घरात वाढलो. तू कुंपणालासुद्धा भिंत घातलीस, दाराला पत्रा ठोकलास. आतून काही दिसत नाही, बाहेरून काही दिसत नाही. गुदमरत नाहीस का?"

"कॅमेऱ्यातून दिसतं सगळं."

"मग बघ माझ्या चटया," ती म्हणाली आणि आणखी एक पसरली.

मंगळवार, ६ ऑगस्ट

रोज दुपारी चारच्या सुमाराला गेटच्या कॅमेऱ्यात एक काळी छत्री येते. कॅमेरा उंचावर आहे, त्यामुळे छत्रीच दिसते. खाली बाईचे पाय आणि एक टोपली. पाच-दहा मिनिटं उभी राहते आणि जाते. बसची वाट बघत असेल, आमच्या भिंतीची सावली बरी पडते. पण ती छत्री हलवते आणि मी ऑफिसात दचकते. आज तीन वेळा. गेटच्या अगदी जवळ येऊन थांबते, परत मागे जाते, परत पुढे येते. बाई, एका जागी उभी राहा ना!

सोमवार, १२ ऑगस्ट

आता यंत्राला शिकवायचं काम. जुन्या अलार्मची चित्रं एकेक करून बघायची आणि खाली शिक्का मारायचा: माणूस, माणूस नाही. हजार-दीड हजार चित्रांनंतर त्याला म्हणे फरक कळायला लागतो. पेता आणि मी दिवसभर तेच केलं. डुक्कर, माणूस नाही. पान, माणूस नाही. लावालावा, माणूस नाही. चटई, माणूस नाही.

"आणि हा?" पेताने विचारलं. एका दुकानासमोर दारू पिऊन आडवा पडलेला माणूस होता.

"माणूस."

"त्याच्या बायकोला विचारून मार शिक्का."

खूप दिवसांनी पोट धरून हसले. घरी आल्यावर डोळ्यांसमोर शिक्केच नाचत होते. आकडा ४७.

बुधवार, २१ ऑगस्ट

बसमध्ये कानावर आलं: त्यांचा म्हातारा मताई सोआलो वारला. ज्याने सेतेफानोला दारुडा म्हटलं तोच. त्याच्यापुढे घरातल्या कोणाची बोलायची टाप नव्हती म्हणतात. मला वाटलं होतं, ऐकून बरं वाटेल. काहीच वाटलं नाही. पुढच्या थांब्यावर उतरून टिनचे मासे आणि पाव घेतला.

सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी उशी उंच करून घेतली. मग म्हणाल्या, "आता गेटकडे लक्ष ठेव."

"असतंच, आई. चोवीस तास."

रविवार, २५ ऑगस्ट

चर्चला सासूबाई आल्या नाहीत, दम लागला. डॉक्टर घरी येऊन गेले. हृदय थकलं आहे म्हणाले. किती दिवस, असं विचारायला मी त्यांच्या मागे गेटपर्यंत गेले आणि विचारलंच नाही. दीर वाएलुपे सवाई बेटावरून सकाळच्या बोटीने आले होते. तेच घराचे मताई. जेवताना म्हणाले, "आई, ते लोक आले तर माझी वाट बघू नका. चटई तुम्ही किंवा मोएने उचलली तरी माझा होकार समजा."

"मला ते बघून जायचंय," सासूबाई म्हणाल्या. अगदी सहज म्हणाल्या, पातेल्यात मीठ कमी आहे म्हणावं तसं. मला त्या माणसांचा राग आहे, त्या पोराचा राग आहे, पण सगळ्यात जास्त राग येतो तो ह्या उशिराचा. एक म्हातारी बाई खाटेवर पडून गेटचा आवाज ऐकत असते आणि तुम्हाला दोन पावलं येववत नाही?

सोमवार, २ सप्टेंबर

छत्री रोज चालूच. आज शेवटी गेटसमोरच्या त्या पट्टीवर दुपारी साडेतीन ते साडेचार पडदा टाकला. म्हणजे त्या वेळात तिथे काही हललं तरी यंत्र मला सांगणार नाही. त्या बाईने खुशाल उभं राहावं. मला त्रास नाही, तिला सावली.

आकडा १९. उएले खूश आहे. मी रात्री पाच-पाच तास झोपते आहे, जे वर्षभर झालं नव्हतं.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

काल वादळी वारा. आकेनेसेच्या चटया पार रस्त्यावर पसरल्या, एक आमच्या गेटला येऊन चिकटली आणि यंत्राने ती माणूस म्हणून धरली. चूक म्हणता येत नाही. वाऱ्याने फुगलेली, वाकलेली चटई खरंच कोणीतरी गुडघ्यावर बसल्यासारखी दिसत होती.

दोन नियम घातले. एक, डोकं आणि खांदे दिसले तरच माणूस. दोन, चटईसारखं काही असेल आणि जागचं हलत नसेल तर दुर्लक्ष. शिवाय आकेनेसेच्या चटयांची चारशे चित्रं शिक्के मारून यंत्राला खाऊ घातली. पेता म्हणाली, "आता ह्याच्याइतकं चटयांचं ज्ञान आपल्या नवऱ्यांनाही नव्हतं." मग तिला आठवलं आणि ती जीभ चावून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, असू दे गं.

आकडा ९.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

दोन. अख्ख्या दिवसात दोन अलार्म, आणि दोन्ही खरे: एकदा पोस्टवाला, एकदा वाएलुपेंनी पाठवलेली तारोच्या कंदांची पोती घेऊन आलेला माणूस. उएलेने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. सोमवारी हेच नियम दोनशेच्या दोनशे ठिकाणी लागणार. ऑकलंडची धास्ती टळली. पेताने मला मिठी मारली आणि रडली. तिचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्याआधी झोप आली.

शनिवार, १४ सप्टेंबर, सकाळ

सात वाजेपर्यंत झोपले! फोन बघितला: शून्य. पहिली संपूर्ण शांत रात्र. लिहून ठेवते आहे, कारण उएलेला पटणार नाही.

सासूबाई पहाटेपासून जाग्या होत्या. "बाहेर कोणीतरी आहे," म्हणाल्या.

"कोणी नाही, आई. फोन वाजला नाही."

"उघडून बघ तर खरं."

"कॅमेरा आहे ना. शून्य आहे शून्य. तुम्ही कोको घ्या."

त्यांना न्हाऊ घातलं, मागच्या अंगणात उन्हात बसवलं. कपडे धुतले. आत्ता दहा वाजून गेल्यावर एकदा फोन वाजला, गेटवर माणूस. बघितलंही नाही, बोटाने बाजूला सारलं. बसवाले असतील, शनिवारचा बाजार. शून्याचा एक झाला एवढंच वाईट वाटलं.

शनिवार, संध्याकाळ

जमेल तसं लिहिते.

अकराला कचरा टाकायला गेट उघडलं. बाहेर भिंतीलगत लाकूडफाट्याचा एक भारा नीट रचून ठेवला होता, शेजारी भट्टीचे काळे दगड. आधी वाटलं, कोणी आणून टाकलं हे. मग कळलं. लाकूड आणि दगड का आणतात ते मला माहीत आहे. हे सरपण, हे दगड, हवं तर भाजून खा आम्हाला, इतके आम्ही तुमचे अपराधी आहोत.

आकेनेसे तिच्या दारात उभी होती. माझ्याकडे बघून तिने मान फिरवली. तिने आजवर कधी असं केलेलं नाही.

"आकेनेसे, कोण आलं होतं?"

"आता विचारतेस?"

"सांग ना गं!"

"पहाटे चारला आले. अकरा जण होते. म्हातारे, बायका, तो पोरगा मध्ये. दहा वाजेपर्यंत उन्हात बसले होते. एक म्हातारा तर भोवळ येऊन पडला, त्याला उचलून नेला." ती रडत होती आणि चिडलीही होती. "तुला नाही म्हणायचं होतं तर तो तुझा हक्क आहे. मी मध्ये बोलणारी कोण? पण सहा तास, मोए? एखादं माणूस पाठवून जा म्हणून तरी सांगायचं."

मी म्हटलं, मला माहीतच नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग गेटवरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं आणि आत गेली.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

चर्चला गेले नाही. यंत्र सांगत नाही, पण टिपून सगळं ठेवतं. सहा तास बसून बघितलं.

चार वाजून दहा मिनिटांनी एक पिकअप दूरच थांबते. आवाज नको म्हणून शेवटचं अंतर डोक्यावरून चटया घेऊनच, वाकून चालत येतात. एकेक जण गुडघ्यांवर बसतो आणि चटई जमिनीपर्यंत ओढून घेतो. अकरा चटया. न डोकं, न खांदे. कोणी हलत नाही. माझ्या यंत्राने प्रत्येकीखाली शिक्का मारला आहे: चटई, माणूस नाही. साडेसहाला उजाडतं. मधली चटई थरथरते आहे, ती तेवढी सबंध वेळ थरथरते. पावणेआठला कडेची चटई कलंडते, दोघे बाहेर येऊन म्हाताऱ्याला उचलतात, पण पाठमोरे, वाकलेले. तेही यंत्राने धरलं नाही. ते दोघे परत येऊन बसतात.

दहा वाजून सहा मिनिटांनी सगळे उठतात, तेही वाकून, कॅमेऱ्याकडे पाठ करून. चटया घड्या घालतात. शेवटी एक बाई मागे राहते, लाकडाचा भारा सरळ करते, कोपऱ्यातली काळी छत्री उचलते आणि मान वर करून थेट कॅमेऱ्यात बघते. डोकं आणि खांदे. यंत्राने तेव्हा मला हाक मारली. तो एकच अलार्म मी बोटाने बाजूला सारला.

तो चेहरा मी कोर्टात पाहिला होता. फुआतिनो, त्या पोराची आई.

मग मागे मागे जात राहिले. दोन सप्टेंबर, एक, एकतीस ऑगस्ट. पडद्यानंतरचे दिवससुद्धा टिपलेले आहेत. रोज चार वाजता. दोन बस बदलून यावं लागतं तिकडून. जून महिन्यापर्यंत मागे गेले आणि थांबले, पुढे बघवेना. घरच्या म्हाताऱ्या मताईच्या हुकमाबाहेर ती एकटी येत होती आणि दार ठोठावायचा धीर होत नव्हता. मी तिच्या छत्रीला पडदा घातला.

सासूबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या कोसळतील, मला शिव्या तरी देतील. त्या म्हणाल्या, "मला माझी जुनी चटई काढून दे. पेटीत सगळ्यात तळाशी आहे."

"कशाला, आई?"

"आपण त्यांना सहा तास उन्हात बसवलं. आता अपराधी कोण?"

"त्यांनी तुमचा मुलगा मारला."

"ते त्यांचं. त्यासाठी ते येऊन गेले. हे आपलं." दम लागला म्हणून थांबल्या. "मला चालवत नाही. तू जा."

वाएलुपेंना फोन केला. त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग ते म्हणाले, "मेलेल्याच्या बायकोने मारणाऱ्याच्या दारात बसलेलं मी कधी ऐकलं नाही." आणि लगेच: "जा."

उएलेला निरोप पाठवला की उद्या ते नियम कुठेही लावू नकोस. त्याने विचारलं, का? तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. नोकरी जाईल कदाचित. पेताचीही. आता पेताच्या तोंडाकडे कसं बघायचं ते मला माहीत नाही.

सोमवार, १६ सप्टेंबर

पहाटे आकेनेसेचा नवरा गाडीने सोडायला आला. आकेनेसे स्वतः मागे बसली होती, मी बोलावलं नव्हतं.

त्यांच्या घराला भिंती नाहीत. ओट्यावर खांब आणि छप्पर, मच्छरदाण्यांत झोपलेली माणसं दिसत होती. मी समोरच्या खडीवर बसले आणि सासूबाईंची चटई डोक्यावरून घेतली. आतून काही दिसत नाही, फक्त स्वतःच्या पायाजवळची वीतभर जमीन. गुडघ्यांत खडी रुतते. श्वास आपल्याच तोंडावर परत येतो. पाच मिनिटांत वाटलं, नाही जमणार. मग त्या म्हाताऱ्याची आठवण झाली आणि बसून राहिले.

घर जागं झाल्याचं आवाजांवरून कळलं. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "ही कोण?" कोणीतरी गप्प बसवलं. एक तरुण आवाज रडायला लागला, तो कोणाचा हे मला सांगावं लागलं नाही. मला त्याचा राग यायला हवा होता. शोधला, पण सापडेना. फार दमले होते मी.

मग वीतभर जमिनीत दोन पाय आले. ते पाय मला पाठ आहेत, रोज चार वाजता दिसायचे. ते बराच वेळ नुसते उभे राहिले. मी म्हटलं, आता चटई उचलेल, नाहीतर निघून जाईल.

तिने दोन्हीतलं काही केलं नाही. ती खाली बसली, चटईची कड वर केली आणि आत माझ्या शेजारी आली. कड परत खाली सोडली. दोघी अंधारात, खांद्याला खांदा लावून. कोणी कोणाची माफी मागायची ते दोघींनाही सुचत नव्हतं. ती हुंदके देत होती, मीही. चटईत भयंकर उकडत होतं.

शेवटी मीच विचारलं, "सहा तास कशा बसलात गं तुम्ही ह्यात?"

"वर कॅमेरा होता ना," फुआतिनो म्हणाली. "वाटलं, तुम्ही बघताय."